चिबडातलं रान

"परभणीत कुठंय हो जंगल?"

वनखात्यात नोकरी आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास हे विचारायचा. लग्न ठरताना सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं. पुढं आमच्या मालकांनी या प्रश्नाला कंटाळून मित्रांना "बायको शेतीखात्यात हाय" असं सांगायला सुरुवात केली. ते लगेच पटायचं.

प्रश्नात चूक काही नाही. जिंतूरकडचे डोंगर सोडले तर आमचा जिल्हा काळ्या मातीचा, नजर जाईल तिथवर कापूस आणि सोयाबीन. तरी माझी निम्म्याहून जास्त नोकरी एका रानातच गेली. झरीच्या बाजाराला जाणारं एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या गावाजवळून नदीनं कधीकाळी पात्र बदललं. जुन्या पात्राचा खोलगट पट्टा तसाच राहिला. वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, त्याचं पाणी जमिनीतून झिरपत या पट्ट्यात उतरायचं आणि फाल्गुनापर्यंत साचून राहायचं. ज्या जमिनीत पाणी मुरत नाही, नुसतं साचून राहतं, तिला आमच्याकडं चिबड म्हणतात. शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द शिवीसारखाच येतो. पण त्या चिबडात करंज, उंबर, जांभूळ आणि वाळुंज अशी दाटी झाली होती की भर उन्हाळ्यातही आत गेलं की अंगावर शहारा यायचा.

पावसाळ्यात या झाडांवर बगळे, ढोकरी आणि पाणकावळे शेकड्यांनी घरटी करायचे. खाली घोट्याच्या वर पाणी. कासवं, घोरपडी होत्या, आणि नशीब असेल तर सकाळी सकाळी पाणमांजराचं एखादं जोडपं दिसायचं. एवढंच ते रान. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल.

लोकांना वाटतं, वनरक्षकाचं काम म्हणजे झाडं लावणं आणि लाकूडचोर पकडणं. ओल्या रानात दोन्ही कामं दुय्यम. तिथं राखायचं असतं ते पाणी. पात्राच्या खालच्या तोंडाशी आम्ही दगडमातीचा छोटा बांध घातला होता, मधे लाकडी फळ्या बसवल्या होत्या. पाणी फार वाढलं की एखादी फळी काढायची, नाहीतर करंजाची मुळं कुजतात. फार उतरू द्यायचं नाही, कारण झाडाखाली पाणी असेल तरच कुत्री, कोल्ही आणि माणसं घरट्यांपासून लांब राहतात. बेशरमीची झुडपं आणि वेडी बाभूळ वेळच्या वेळी उपटायची. आणि मेलेलं झाड तोडायचं नाही. हे शेवटचं पटवून देताना माझी जिंदगी गेली. गावाला वाटायचं, बाई जळण सडवतेय. तपासणीला आलेले साहेबही वाळलेल्या खोडाकडं बोट करून विचारायचे, "हे इथं कशाला ठेवलंय?" त्याच खोडाच्या ढोलीत पिंगळ्यांची पिल्लं असायची. साहेबांना ती दाखवली की ते मोबाईल काढायचे आणि प्रश्न विसरायचे.

या कामात माझ्या जोडीला वनमजूर होता, केरबा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, माझ्यापेक्षा वयानं मोठा. उंच, सडपातळ, तोंड अखंड चालू. त्याला पाण्याचा मनापासून तिटकारा होता. पोहता येत नव्हतं, सापाला भ्यायचा, आणि पावसाळाभर पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. रोज संध्याकाळी त्याची बायको सुंदराबाई मेंदी वाटून त्याच्या पायांना लावायची, आणि रोज सकाळी तो लालभडक पाय घेऊन चिखलात उतरायचा.

"मेंढरावानी कोरडं जित्राब सोडून मी ह्या बेंडकाच्या गावात कामून आलो, काय म्हाईत," म्हणायचा.

पण सोडून गेला नाही. प्रत्येक झाडाला त्यानं गावातल्या माणसांची नावं दिली होती. सगळ्यात जास्त घरटी असलेल्या करंजाला तो सरपंच म्हणायचा, कारण त्याच्याखाली उभं राहिलं की डोक्यावर काहीतरी पडतंच. एकदा संभाजीनगरकडचा एक फोटो काढणारा आला होता. पक्षी उडताना हवेत म्हणून त्यानं घरट्यांकडं ढेकूळ भिरकावलं. केरबानं त्याला काही बोल लावला नाही. नुसता त्याचा हात धरून, गोड बोलत, सरपंचाखाली नेऊन उभा केला, आणि "हितून लय भारी दिसतंय, वर बगा," असं सांगून बाजूला झाला. त्या माणसाचा कॅमेरा पुसायला आम्हीच पाणी दिलं.

रानाला लागून विश्वनाथआप्पांचं शेत होतं. आप्पा गावातले जुने दुकानदार. किराणा आणि खत दोन्ही विकायचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं हळू. पूजा झाल्याशिवाय चहाही घ्यायचे नाहीत. पाहुणे आले की त्यांना शेताच्या कडेच्या धुऱ्यावर आणून पाखरं दाखवायचे. मला "ताई" म्हणायचे. ऊन चढलं की त्यांच्या घरून माझ्यासाठी आणि केरबासाठी ताक यायचं. वैर असं काही नव्हतं, हे आधी सांगून ठेवते.

दुखणं होतं रानडुकरांचं. ओलं, दाट, निवांत रान म्हटलं की डुकरं येणारच. आम्ही पाणी राखलं ते बगळ्यांसाठी, पण पाण्याला कोण कुणासाठी ते कळत नाही. डुकरांची दाटी वाढत गेली. आप्पांनी भुईमूग पेरला की अंधारात कळप यायचा आणि सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसायचं. मी पंचनामे करायचे. भरपाई यायची ती कधी उशिरा, कधी अपुरी. आप्पांनी बुजगावणी लावली, फटाके वाजवले, जुन्या साड्यांचं कुंपण केलं. डुकरं साड्यांसकट आत आली.

एका वर्षी त्यांनी मका लावला. कणसं भरत आली आणि एका फेऱ्यात निम्मं शेत आडवं झालं. मी पंचनाम्याला गेले तेव्हा आप्पा धुऱ्यावर बसले होते.

"ताई, तुमचं रान चांगलं हाय. पाखरं चांगली हायेत. पर मी काय करावं, ते तुमीच सांगा."

मी सौरकुंपणाच्या अर्जाचं बोलले. त्यांनी मान हलवली.

पोळा होऊन गेला होता. पाऊस चांगला लागून राहिला होता. सकाळी मी घरून निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात आप्पांचा फोन आला.

"ताई, लवकर या. केरबा हालना."

मी गाडीला किक मारली आणि निघाले. वाटेत मला वाटत होतं, साप असेल. केरबा सापाला भ्यायचा म्हणून तेच डोक्यात आलं असेल.

तो आप्पांच्या मक्याच्या कडेला धुऱ्यावर उताणा पडला होता. नेहमीची वाट पाण्याखाली गेली होती आणि चिखल्यांनी पाय फुटले होते, म्हणून तो फळ्या बघायला कोरड्या धुऱ्यावरून निघाला होता. उजव्या पोटरीवर काळा पट्टा. शेजारी खुंट्यांना ताणलेली बारीक तार. आप्पांनी खांबावर आकडा टाकून तारेत करंट सोडला होता. रोज दिवस उगवायच्या आत ते आकडा काढून घ्यायचे. त्या दिवशी श्रावणापासून चाललेल्या कसल्याशा व्रताचं उद्यापन होतं. ते पूजेला लवकर बसले आणि आकडा राहून गेला.

सुंदराबाई माझ्या आधी येऊन पोहोचली होती. रडत नव्हती. केरबाचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या पायाचा चिखल पदरानं पुसत होती.

पोलीस यायला वेळ होता. तेवढ्यात गावातली चारदोन वजनदार माणसं मला बाजूला घेऊन लिंबाखाली गेली. त्यातला एकजण म्हणाला, "म्याडम, झालं ते वाईटच झालं. पर आप्पा देवमाणूस हाय. त्याचं घर उठंल. पान लागलं म्हना."

पान लागणं म्हणजे साप चावणं. तार गुंडाळून विहिरीत टाकायची तयारीही झाली होती.

मी म्हणाले, "भाजलेलं दिसतंय की. डॉक्टरला कळणार नाही का?"

"डाक्टरचं आमी बगतो. तुमी निस्तं होय म्हना."

मी नाही म्हणाले. त्यावर त्यांच्यातल्या एकानं मला या गावात अजून नोकरी करायची आहे ना, असं विचारलं. आवाज चढायला लागला. आणि इतका वेळ मक्याच्या कडेला मातीत बसलेले आप्पा उठून आमच्याकडं आले. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं.

"कुनी काई बोलू नका," ते म्हणाले. "वायर माजी हाय. आकडा म्याच टाकला. जमादार आले की म्याच सांगनार हाय."

त्यांनी तसंच सांगितलं. नंतर पोलिसांच्या गाडीत बसताना ते सुंदराबाईच्या समोर थांबले. हात जोडले. तिनं वर पाहिलंच नाही.

माझा जबाब झाला. जे पाहिलं ते सांगितलं. आप्पा काही महिने आत होते, मग जामिनावर सुटले. खटला अजून चालू आहे. दुकानाचं शटर बंद झालं ते आजही बंद आहे.

मला वाटलं होतं, गाव एकतर आप्पांवर चिडेल, नाहीतर माझ्यावर. माझ्यावर थोडं चिडलंही. ताक बंद झालं, गाडीची हवा सुटायला लागली. पण खरा राग निघाला रानावर. हे चिबड नसतं तर डुकरं नसती. डुकरं नसती तर वायर नसती. वायर नसती तर केरबा जिता असता. असा तो हिशेब होता, आणि खरं सांगते, तो ऐकताना मला त्यात चूक काढता यायची नाही. रात्री जेवताना मालकांनी विचारलं, "त्यांचं काय चुकतंय?" मी ताटावरून उठले.

उन्हाळ्याच्या तोंडाला ग्रामसभा झाली. रानाच्या खालच्या अंगाला असलेला नाला खोल करायचा, म्हणजे चिबडातलं पाणी निघून जाईल, असा ठराव होता. कागदावर नाव होतं जलसंधारणाचं. मी उभी राहून समजावलं की नाला इतका खोल केला तर पाणी थांबणार नाही, पळेल. तुमच्या विहिरीही उतरतील. मागून कुणीतरी ओरडलं, "म्याडम, आमचा मानूस गेलाय. तुमचं एक पाखरू तरी मेलं का?"

मी खाली बसले.

तेव्हा बायकांच्या बाजूनं सुंदराबाई उठली. ती बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सभेच्या मध्यावर आली, डोक्यावरचा पदर नीट केला.

"माजा मानूस रानानं मारला न्हाई. करंटनं मारला," ती म्हणाली. "त्याला ह्या रानाचा लय तरास हुता. रोज शिव्या द्यायचा. पर एक दिवस घरी बसला न्हाई. तुमाला नाला खांदायचाय तर खांदा. तुमची शेतं हायेत. पर माज्या कुकवाचं नाव लावून खांदू नका."

सरपंच म्हणाले, "बरं बाई, न्हाई लावत."

आणि ठराव मंजूर झाला.

पोकलेन आला तो आमच्या हद्दीच्या बाहेर उभा राहिला. मशीन चालवणाऱ्या पोरानं मला हद्दीचा दगडही दाखवला, "बगा म्याडम, आमी तुमच्या हिकडं हात लावनार न्हाई." कायद्यानं त्याचं बरोबर होतं. माझं पत्र वरपर्यंत गेलं, उत्तरं आली, हद्दीबाहेरच्या कामाला आम्ही काय करणार असंच त्यांत होतं. मी दगडापाशी उभी राहून बघत होते. मशीनची बादली खाली जात होती आणि दर खेपेला ओली काळी माती वर येत होती. त्या मातीत कासवंही होती.

पहिल्या मोठ्या पावसात व्हायचं ते झालं. खोल केलेला नाला मागं मागं खात आला. पाण्याला खाली उडी मारायला जागा मिळाली की ते आपल्या पायाखालची मातीही घेऊन जातं. आमच्या बांधाचा पाया उघडा पडला आणि एका सकाळी बांध फळ्यांसकट वाहून गेला. फाल्गुनापर्यंत जे पाणी मुक्कामाला असायचं, ते दुपारपर्यंत निघून गेलं.

पाखरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ती नेहमीसारखी आली, घरटी केली, अंडी घातली. पिल्लं निघाली तेव्हा झाडांखाली नुसता चिखल होता. बगळ्याची पिल्लं आडदांड, घरट्यात भांडतात, ढकलाढकलीत खाली पडतात. आधीही पडायची, पण एखाददुसरं धडपडत फांदीवर चढून जायचं. आता खाली कुत्री बसलेली असायची. गावातली आणि आजूबाजूच्या वाड्यांवरचीही. मी काठी घेऊन हाकलायचे, ती पलीकडून यायची. एकटी किती बाजूंना धावणार? नवा वनमजूर मिळाला नव्हता. एका सकाळी मी केरबाच्या त्या 'सरपंच' करंजाखाली गेले तर पांढरी पिसं इतकी पसरली होती की कापसाची गोणी फुटल्यासारखं वाटलं. वरच्या घरट्यांतून आवाज येत नव्हता. मोठी पाखरं फांद्यांवर बसून होती. दोनतीन दिवसांनी तीही गेली.

पुढच्या वर्षी ती आली, वरून एक फेरी मारली आणि उतरली नाहीत.

झाडं एकदम मरत नाहीत, हे त्यातलं सगळ्यात वाईट. आधी वाळुंज गेले, त्यांना पाण्यावाचून चालतच नाही. मग करंजांचे शेंडे वाळायला लागले. वरून काटक्या, खाली थोडी हिरवळ, असे ते उभे होते. मला रोज त्यांच्यामधून जावं लागायचं. एका चैत्रात कुणीतरी विडी टाकली किंवा कुणी मुद्दामच काडी लावली, ते शोधून सापडलं नाही. जिथं कधी गुडघाभर पाणी होतं, तिथं पाला पेटला. आम्ही विझवेपर्यंत निम्मा पट्टा काळा झाला होता.

आणि डुकरं? ती उसात गेली. आता गावाच्या चारी बाजूंना आहेत. विहिरीही उतरल्या. हे सांगताना मला कसलंही समाधान वाटत नाही.

निवृत्तीला थोडं राहिलं होतं, तेव्हा मी ठरवलं की निदान आपल्या हद्दीत तरी पाणी अडवून बघायचं. जुना बांध पुन्हा उभा राहण्यासारखा नव्हता, म्हणून मातीनं भरलेल्या पोत्यांचा घालायचा. एका सकाळी जाऊन बघते तर नाल्याच्या काठावर रिकाम्या पोत्यांचा ढीग, खताची, सिमेंटची, नीट घड्या घातलेली. शेजारी आप्पा. वाळून अर्धे झाले होते. बंद दुकानातली पोती बैलगाडीनं आणली होती.

"मला काम करू द्या, ताई," म्हणाले.

मी नाही म्हणू शकले नाही, आणि हो म्हणायचा अधिकारही माझा नव्हता. मी सुंदराबाईकडं गेले. ती मेंढरं घेऊन निघाली होती. ऐकून घेतलं.

"माफ बिफ मी केलं न्हाई," ती म्हणाली. "करनार बी न्हाई. तसं त्यास्नी सांगा."

"सांगते."

"अन् काम करू द्या. पर मी बी येनार. त्याचं हुतं ते काम. फकस्त आमी दोगं एका टायमाला नगं. मला त्यांचं तोंड बगायचं न्हाई."

तसंच झालं. सकाळी आप्पा यायचे. पोती भरायचे, शिवायचे, काठाला लावून ठेवायचे. ऊन डोक्यावर आलं की फावडं धुऊन करंजाला टेकवायचे आणि जायचे. दुपारून सुंदराबाई यायची. मेंढरं माळावर बसवून तेच फावडं उचलायची आणि आप्पांनी भरलेली पोती थरावर थर रचायची. रोजंदारीच्या मजुरांना हात लावू द्यायची नाही. आप्पांनी भरलेल्या पोत्यात माती कमी असेल तर मला म्हणायची, "सांगा त्यास्नी, दाबून भरा म्हनावं." मी दुसऱ्या दिवशी सांगायचे. ते मान हलवायचे आणि दाबून भरायचे.

यंदाच्या पावसात पाणी थांबलं. पहिल्यासारखं नाही, घोट्याएवढंच, तेही पट्ट्याच्या एका टोकाला. जळक्या खोडांच्या सावल्या त्यात पडतात. जांभळं तेवढी जगली आहेत. त्यांवर काही ढोकरी येऊन बसतात, घरटी करत नाहीत. वाळुंजाच्या फांद्या बाहेरून आणून रोवल्या, काहींना पालवी फुटली. ज्यांना फुटली त्यांतल्या बऱ्याच सुंदराबाईच्याच शेरडांनी खाल्ल्या. तिनं शेरडांना मारलं आणि पुन्हा रोवल्या.

शेवटच्या आठवड्यात मी निरोप घ्यायला गेले. सुंदराबाई पोत्यांच्या फटीत चिखल कोंबत होती. मी उद्यापासून येणार नाही म्हटल्यावर हात न थांबवता विचारलं, "नवा गार्ड येनार हाय म्हनं?"

"येईल."

"मग त्याला सांगून जावा. सकाळी आप्पा असतेत अन् दुपारून मी. इसरून त्यानं उलटं करू नये."

पदभार देताना नव्या वनरक्षकाला बाकी सगळं कागदावर लिहून दिलं. हे तेवढं तोंडी सांगितलं.